मुक्या जनावराचं पोट बोलतं कसं?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींनी पहिलं कर्ज काढलं ते गाईसाठी. त्या गाईने रवंथ थांबवलं, दूध एकदम आटलं, ती पाठ वाकवून उभी राहिली, की आपलाही जीव थाऱ्यावर राहत नाही. हप्ता तर तिच्या दुधावरच असतो. मुक्या जनावराच्या पोटातलं दुखणं माणूस कसकसा ओळखायला शिकला, त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

गाईच्या पोटाचे चार कप्पे. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. गाय आधी भराभर गिळते, चावते मागून. म्हणून चाऱ्यातली तार किंवा खिळा तसाच आत जातो आणि जाळीपोटात अडकतो. जाळीपोटाच्या पुढे फक्त एक पडदा, आणि पडद्यापलीकडे हृदय. जाळीपोट आकसलं की तार टोचते, आत पू धरतो. कधी ती थेट हृदयापर्यंत पोचते.

जुन्या डॉक्टरांकडे हात आणि कान एवढंच होतं. पाठीवर चिमटा घ्यायचा, छातीखालून दांडकं घालून उचलायचं, गाय कण्हते का बघायचं. खरं पोट जागचं सरकलं असेल, तर बरगडीवर टिचकी मारली की भांडं वाजल्यासारखा आवाज नळीतून येतो. या परीक्षा आजही करतात. पण त्यावरून नेहमीच खात्री पटत नाही.

1895 मध्ये जर्मनीत राँटगेन यांनी एक्स-रे शोधला. त्यात तार दिसते. पण गाईच्या जाड अंगातून आरपार जायला मोठं यंत्र लागतं, आणि पू किंवा सूज त्यात नीट कळत नाही.

मग आला आवाज. आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज सोडायचा आणि परत येणारा पडसाद टिपायचा. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे लांजव्हँ यांनी तो पाणबुड्या शोधायला वापरला. पुढे कारखान्यांत लोखंडातली चीर त्यानेच शोधू लागले. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड या डॉक्टरांनी तेच तंत्र बायकांच्या पोटावर लावलं. एका बाईला बरा न होणारा कॅन्सर आहे असं ठरलं होतं. यंत्रात दिसली अंडाशयाची गाठ. ती काढली आणि बाई वाचली. 1958 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला.

हेच यंत्र आपल्याकडे मुलींच्या जिवावर उठलं. म्हणून महाराष्ट्राने 1988 मध्ये आणि देशाने 1994 मध्ये कायदा केला. यंत्र तेच असतं, ते कोणाच्या हातात आहे यावर सगळं.

जनावरांत 1966 मध्ये मेंढी गाभण आहे का हे यंत्राने पाहिलं गेलं. पचनाचे आजार मात्र मागे राहिले, कारण हा आवाज वायूतून पुढे जात नाही आणि गाईच्या पोटात वायू भरपूर. स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या विद्यापीठात उएली ब्राउन यांनी 1990 च्या दशकात छातीच्या खालच्या बाजूने पाहिलं. तिथे जाळीपोट अंगाला लागूनच असतं. केस काढायचे, जेल लावायचं आणि बघायचं. निरोगी गाईचं जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा, दोन टप्प्यांत आकसतं. ते मंदावलं, आजूबाजूला पू दिसला, की आजार कळतो. गाय कापावी लागत नाही, भूलही द्यावी लागत नाही. सरकलेलं खरं पोटही असंच ओळखता येतं.

पण तार स्वतः सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. त्याला एक्स-रेच लागतो. आणि ही यंत्रं अजून प्रत्येक तालुक्यात नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, पहिली तपासणी आपलीच. गव्हाण रोज झाडा. गोठ्याजवळ तारा, खिळे, सुया पडू देऊ नका. गाईला लोहचुंबक गिळवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. ते जाळीपोटात बसून लोखंड धरून ठेवतं. रवंथ कधी थांबलं, दूध किती लिटरने घटलं, शेण कसं पडलं, हे वहीत लिहा. हिशोबाच्या वहीतच एक पान त्यासाठी ठेवा. डॉक्टर आले की ते पान आधी त्यांच्या हातात द्या.