महाराष्ट्रातील कॅराव्हॅन पर्यटन

कॅराव्हॅन पर्यटन म्हणजे निजण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतेची सोय असलेल्या वाहनातून केलेला प्रवास. हॉटेल किंवा धर्मशाळेऐवजी प्रवासी वाहनातच मुक्काम करतो. काही जण वर्षातील आठ-पंधरा दिवस असा प्रवास करतात, तर काही जण, विशेषतः सेवानिवृत्त दांपत्ये, घर बंद करून किंवा भाड्याने देऊन वर्षभर वाहनातच राहतात. पाश्चात्त्य देशांत अशा प्रवाशांचे मुख्य आकर्षण राष्ट्रीय उद्याने हे असते. महाराष्ट्रातही सहा राष्ट्रीय उद्याने असून २०२१ साली राज्य शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. मात्र भारतातील वन्यजीव कायद्यामुळे येथील कॅराव्हॅन उद्यानाच्या प्रवेशद्वारापर्यंतच जाते. या एका गोष्टीमुळे या पर्यटनाला येथे निराळे रूप आले आहे.

संज्ञा

मराठीत या वाहनासाठी कॅराव्हॅन, कॅम्परव्हॅन व फिरते घर हे शब्द वापरले जातात. शासकीय कागदपत्रांत 'कॅराव्हॅन' रूढ आहे. चित्रपटसृष्टीमुळे परिचित झालेली 'व्हॅनिटी व्हॅन' दिसायला सारखी असली तरी ती वेगळी. कलाकारांनी रंगभूषा करावी व विश्रांती घ्यावी एवढाच तिचा हेतू असतो. ज्यात इंजिन व निवास एकाच सांगाड्यावर असतात ते वाहन आणि दुसऱ्या मोटारीला जोडून ओढून न्यावयाचे 'ट्रेलर' हे दोन मुख्य प्रकार होत. आपल्याकडील अरुंद रस्ते आणि घाट पाहता पहिला प्रकारच अधिक दिसतो.

पूर्वपीठिका

हौसेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून इंग्लंडमधील 'द वाँडरर' ही घोड्यांनी ओढली जाणारी गाडी ओळखली जाते. ती १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स या लेखकासाठी बांधण्यात आली. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि १९१६ साली राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. पुढे मोटारी वाढल्या तशा तेथील उद्यानांत वाहनासह मुक्काम करण्याच्या जागा तयार झाल्या. अनेक उद्यानांत एका जागी १४ दिवसांची मर्यादा असते. ती संपली की प्रवासी पुढच्या उद्यानाकडे निघतो. बारमाही कॅराव्हॅन जीवनाची जी कल्पना चित्रफितींमधून आपल्यापर्यंत पोहोचली आहे, तिचा पाया या व्यवस्थेत आहे.

महाराष्ट्राला फिरता संसार नवा नाही. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण येथे घरोघरी आहे. गाढवांवर संसार लादून हिंडणारे कैकाडी, बैलगाडीतच जन्म काढणारे गाडीलोहार, मेंढरांमागे ऋतूनुसार फिरणारे धनगर यांची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या वाटेवरच राहिली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे १९८० साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन कैकाडी समाजातील अशाच जीवनाविषयी आहे. इंग्रजी अमलात १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींना गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्या फिरस्तेपणाबद्दल एकाला संशयाने पाहिले गेले, त्याच फिरस्तेपणाचे दुसऱ्याच्या बाबतीत कौतुक होते, ही विसंगती या विषयाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

महाराष्ट्रातील राष्ट्रीय उद्याने

राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे होय. ते १९५५ साली घोषित झाले व त्याचे क्षेत्र ११६.५५ चौरस किलोमीटर आहे. शेजारच्या अंधारी अभयारण्यासह ते व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव (१३३.८८ चौ. कि.मी.) व नागपूर जिल्ह्यातील पेंच (२५७.२६ चौ. कि.मी.) ही दोन्ही १९७५ सालची. अमरावती जिल्ह्यातील गुगामल (३६१.२८ चौ. कि.मी.) हे १९८७ साली मेळघाटच्या गाभ्यात घोषित झाले. सह्याद्रीतील चांदोली (३१७.६७ चौ. कि.मी.) हे २००४ सालचे, सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमेवर ते पसरले आहे. सहावे म्हणजे मुंबई व ठाणे यांच्या मधोमध असलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. कान्हेरी लेणी, तुळशी व विहार हे तलाव त्याच्या परिसरात येतात.

संजय गांधी उद्यान वगळता उरलेली पाचही उद्याने व्याघ्र प्रकल्पांत समाविष्ट आहेत. प्रवाशाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण व्याघ्र प्रकल्पांना राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांखेरीज राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे नियमही लागू होतात.

कायदा आणि मुक्काम

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करण्यास अथवा वास्तव्य करण्यास मनाई आहे. कलम ३५ द्वारे हीच तरतूद राष्ट्रीय उद्यानांना लागू होते. कर्तव्यावरील शासकीय सेवक, मुख्य वन्यजीव रक्षकांनी राहण्याची अनुमती दिलेली व्यक्ती, तेथील स्थावर मालमत्तेवर हक्क असणारे, सार्वजनिक महामार्गावरून जाणारा वाटसरू आणि यांपैकी काहींचे अवलंबित एवढेच अपवाद आहेत. कलम २८ नुसार अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन व तेथील रहिवाशांशी कायदेशीर व्यवहार या कारणांसाठी परवाना मिळतो. महामार्गावरून 'जाण्याची' सूट आहे, थांबून राहण्याची नाही, हे येथे लक्षात घ्यावे. कलम ३० अन्वये वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग लावणे किंवा आग पेटती सोडून देणे हा गुन्हा आहे. चूल मांडून भाकरी थापण्याची हौस त्यामुळे वनाबाहेरच भागवावी लागते.

२०१२ साली या प्रश्नाने देशभर लक्ष वेधले. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी जुलैमध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाल्यावर ती उठली. या तत्त्वांनुसार गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटनाला मुभा आहे, तेथे पर्यटनासाठी नवे बांधकाम करता येत नाही आणि असलेल्या कायम सोयीही टप्प्याटप्प्याने बाहेर नेणे अपेक्षित आहे.

राज्याच्या २०२१ च्या धोरणाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. जेथे हॉटेले पुरेशी नाहीत किंवा पक्के बांधकाम करता येत नाही, अशा निसर्गरम्य ठिकाणी कॅराव्हॅनमुळे निवासाची सोय होईल, हा त्या धोरणामागील एक विचार होता. त्यासाठी पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली 'कॅराव्हॅन पार्क' शासकीय किंवा खासगी जमिनीवर उभारण्याची व त्यांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करण्याची तरतूद केली गेली. समुद्रकिनारा, धरणाचा काठ, गड-किल्ल्यांचा पायथा यांना हा विचार चपखल बसतो. राष्ट्रीय उद्यानाला तो बसत नाही, कारण तेथे मनाई केवळ भिंतींना नसून वास्तव्यालाही आहे. चाके असलेल्या घरातही माणूस राहतोच.

ही मनाई केवळ पर्यटकापुरती नाही. ताडोबाच्या गाभ्यातील बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी आणि मेळघाटातील कोहा, कुंड, बोरी अशा गावांतील कुटुंबांचे पुनर्वसन झाले आहे. चांदोलीच्या खोऱ्यातील अनेक गावे वारणेवरील धरण व उद्यान यांमुळे उठली. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अशा स्थलांतरासाठी ग्रामसभेची संमती आवश्यक आहे. स्थलांतरित कुटुंबासाठी केंद्राने २००८ साली ठरविलेली १० लाख रुपयांची मदत २०२१ साली १५ लाख करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात नांदलेल्या गोंड व कोरकू कुटुंबांनी जेथून बिऱ्हाड हलविले, तेथे शहरातून आलेल्या पाहुण्याला वाहन उभे करून रात्र काढू देणे कोणत्याच न्यायाने समर्थनीय ठरले नसते.

प्रत्यक्ष व्यवहार

यामुळे व्यवहारात एक सरळ पद्धत रूढ आहे. कॅराव्हॅन उद्यानाबाहेरील गावात, खासगी निवासस्थानाच्या आवारात किंवा पर्यटन महामंडळाच्या संकुलात मालकाच्या संमतीने उभी केली जाते. जंगलफेरीसाठी ऑनलाइन आरक्षण करून ओळखपत्रासह ठरलेल्या वेळी प्रवेशद्वारावर हजर व्हावे लागते. आत जाण्यासाठी नोंदणीकृत उघडी जिप्सी असते. तिच्यात साधारणतः सहा पर्यटक, चालक व स्थानिक मार्गदर्शक बसतात. मारुती कंपनीने जिप्सीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबविले, तरी जंगलात तेच नाव टिकून आहे. ताडोबासाठी मोहर्ली व कोलारा, पेंचसाठी सिल्लारी, चांदोलीसाठी शिराळा तालुक्यातील वारणावती ही मुक्कामाची सोयीची ठिकाणे होत. मेळघाटात सेमाडोह व कोलकास येथे वनविभागाची निवाससंकुले आहेत. आरक्षण केल्यास तेथे राहता येते. जिप्सी, मार्गदर्शक व गावातील जागेचे भाडे यांतून येणारा पैसा ज्यांच्या शेतात रानडुकरे शिरतात त्यांच्याच हाती पडतो. ही या पद्धतीची जमेची बाजू आहे.

कॅराव्हॅनमधील सर्वांत बिकट प्रश्न सांडपाण्याचा व शौचालयाच्या टाकीचा आहे. पाश्चात्त्य देशांत टाकी रिकामी करण्याची केंद्रे असतात. आपल्याकडे ती जवळपास नाहीत. टाकी ओढ्यात किंवा रानात रिकामी करणे हा केवळ असभ्यपणा नव्हे. उन्हाळ्यात त्याच ओढ्यावर वन्यप्राणी व गुरे पाण्याला येतात. अनुभवी प्रवासी वाहनातील शौचालय केवळ रात्रीपुरते वापरतात आणि एरवी पेट्रोलपंप, ढाबे व निवाससंकुले यांचा आधार घेतात.

ऋतूचाही विचार करावा लागतो. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा सर्वसाधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० जून या काळात खुला असतो. ताडोबा मंगळवारी व संजय गांधी उद्यान सोमवारी बंद असते. म्हणजे बारमाही प्रवाशाचे जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने रिकामे पडतात. हा काळ पूर्वीच्या चातुर्मासासारखा एका जागी काढावा, हे उत्तम.

वाहन आणि कागदपत्रे

भारतात मोटार-कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. खासगी वापराची कॅम्परव्हॅन ही केंद्राच्या वर्गीकरणात परिवहनेतर वाहन म्हणून गणली जाते. भाड्याने द्यावयाच्या वाहनास मात्र परिवहन परवाना लागतो. जुनी प्रवासी गाडी घेऊन सुताराकडून आत पलंग-ओटा बसवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ही तरतूद कठोरपणे लावली. बदल नोंदलेला नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. याच अधिनियमाच्या कलम ४७ नुसार वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ परराज्यात राहिल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

घर कायमचे सोडणाऱ्यापुढे पत्त्याचा प्रश्न उभा राहतो. बँक, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, वाहननोंदणी या सर्वांना स्थिर पत्ता लागतो. मतदाराच्या बाबतीत कायदा थोडा उदार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० नुसार तात्पुरत्या गैरहजेरीने सर्वसाधारण निवास संपत नाही. मात्र घर विकून निघालेल्याला हा आधार कितपत मिळेल, हे त्याने निघण्यापूर्वीच तपासलेले बरे. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी द्यावा लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या डिजिटल पद्धतीने कोठूनही देता येतो. स्वयंपाकासाठी ५ किलोचा गॅस सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय केवळ ओळखपत्रावर मिळतो.

ठाणे जिल्हा व टिटवाळा परिसर

ठाणे जिल्ह्यातील प्रवाशाला सर्वांत जवळचे राष्ट्रीय उद्यान म्हणजे संजय गांधी उद्यान. त्याचा येऊरचा भाग ठाणे शहराला लागूनच आहे. शहापूर तालुक्यातील तानसा अभयारण्यही फार लांब नाही. विदर्भातील उद्याने मात्र पूर्वी दूरची वाटत. समृद्धी महामार्गामुळे हे चित्र बदलले. ७०१ किलोमीटरच्या या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये, तर इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यात असून टिटवाळ्याहून जवळ आहे. काळू नदीकाठच्या महागणपतीचे दर्शन घेऊन निघालेले वाहन आता एकाच सलग रस्त्याने नागपूरपर्यंत जाते व तेथून पेंच, ताडोबा व नवेगाव अशा तीन दिशांना जाता येते. पेंचच्या वाटेवर राष्ट्रीय महामार्ग ४४ काही ठिकाणी उंच उचललेला असून वन्यप्राणी त्याखालून ये-जा करतात. तेथे वेग आवरावा व थांबू नये.

कल्याण-डोंबिवली महापालिका क्षेत्रात, ज्यात टिटवाळाही येतो, कॅराव्हॅन बाळगण्यातील अडथळा जंगलाआधी घराशीच सुरू होतो. गृहसंकुलांतील इमारतीखालचे वाहनतळ मोटारींच्या उंचीचे असतात; माणूस उभा राहू शकेल एवढे उंच छत असलेले वाहन तेथे शिरत नाही. अंगारकी चतुर्थीला टिटवाळ्याच्या रस्त्यांवर दुचाकी काढणेही कठीण होते, त्या दिवशी असे वाहन बाहेर न काढणेच शहाणपणाचे.

मराठी साहित्यातील वनवास्तव्य

मराठी वाचकाला जंगलातील दीर्घ मुक्काम घडविला तो लेखकांनी. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यातील ३६ वर्षांच्या सेवेत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथे वास्तव्य केले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा' व 'चकवाचांदण' ही त्यांची पुस्तके त्यातून आली. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'नागझिरा' हे त्या अभयारण्यातील मुक्कामावरील पुस्तक आहे. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून तेथे राहिले. आजच्या प्रवाशाला त्या जागा परवान्याच्या काही तासांत पाहाव्या लागतात. नवेगावबांधचा तलाव व त्यावरील हिवाळी पक्षी पाहायचे असल्यास पहाटेच पोहोचावे, आणि त्यासाठी वाहन आदल्या रात्रीच गावात आणून ठेवावे.