पलटणीतला नवरा, गावातलं घर

फौजीशी लग्न ठरलेल्या मुलीला सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी या भागांत जो सल्ला मिळतो तो पिढ्यानपिढ्या फारसा बदललेला नाही. मन घट्ट कर, सवय होते, सासू-सासऱ्यांना धरून राहा, त्याला पत्रात काही वाईट लिहू नकोस, तिकडे त्याचं लक्ष उडतं. पत्राच्या जागी आता फोन आला, एवढाच फरक. हा सल्ला वाईट हेतूचा नाही. त्याच्या मुळाशी मात्र एक समजूत आहे: सैनिकाच्या बायकोचं जुळवून घेणं हा तिच्या स्वभावाचा प्रश्न आहे, सोसण्याची ताकद असली की निभावतं आणि नसली की नाही. महाराष्ट्राच्या लष्करी इतिहासात डोकावलं तर ही समजूत टिकत नाही. या बायकांचा निभाव लागला किंवा लागला नाही, तो पैसा कधी येतो आणि कोणाच्या हाती पडतो, कोणत्या यादीवर कोणाचं नाव आहे, नवरा सरहद्दीवर असताना गावच्या बांधाचा खटला कोण लढतो, अशा रोखठोक गोष्टींवर. या व्यवस्था मागाहून आल्या, तुकड्यातुकड्यांनी आल्या, आणि बहुतेक वेळा बायकांकडे पाहून आल्याच नाहीत.

शिवकाळातली पद्धत सभासदाच्या बखरीत स्पष्ट सांगितली आहे. लष्कर पावसाळ्यात आपल्या मुलखात छावणीला यायचं आणि दसरा झाला की मुलूखगिरीला बाहेर पडायचं. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कोणी बाळगायची नाही, बाळगील त्याला देहदंड, असा दंडक होता. तो बायकांच्या काळजीपोटी घातलेला नव्हता. फौज हलकी आणि चपळ ठेवणं हा त्याचा उद्देश. पण त्याचा परिणाम घरावर झालाच. सैनिकाची बायको गावातच राहणार हे त्याने पक्कं केलं आणि तिच्या एकटेपणाला ऋतूंचं मोजमाप दिलं. नवरा कधी जाणार आणि साधारण कधी येणार, हे तिला आभाळाकडे पाहून कळत होतं. पुढे फौजा उत्तरेत वर्ष-वर्ष राहू लागल्या तसं हे मोजमाप मोडलं आणि कुटुंबं फौजेबरोबर चालू लागली. पानिपतच्या मोहिमेत स्त्रिया आणि यात्रेकरूंचा केवढा लबेदा सदाशिवरावभाऊंबरोबर होता आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने पत्रांतून जे वर्णन केलं आहे, त्यात ती छावणी म्हणजे बाजार, बायकापोरं आणि भांडणतंट्यांसकट चालतं गावच दिसतं. सोबत जाणं हा सुखाचा मार्ग आणि मागे राहणं हा दुःखाचा, असं सरळ गणित त्यामुळे मांडता येत नाही.

पानिपताने आणखी एक प्रश्न उघडा केला. सदाशिवरावभाऊ पडले याची खात्री त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंना पटली नाही आणि त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. पुढे भाऊचा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. हे प्रकरण आपण सहसा राजकारण म्हणून वाचतो. पण रणातून न परतलेल्याची बायको ही ना सधवा ना विधवा अशी मधल्यामध्ये अडकते, हा त्यातला साधा कौटुंबिक भाग आहे. पार्वतीबाईंना पेशव्यांच्या घराण्याने सांभाळलं. त्याच रणावरून न आलेल्या हजारो शिलेदार-बारगिरांच्या बायकांनी वतन, शेत आणि कुंकू यांचा निकाल कसा लावला असेल, याची कोणी बखर लिहिली नाही.

इंग्रजांच्या पलटणी आल्या आणि बायकोचं नाव प्रथमच कागदाच्या संबंधात आलं. गोऱ्या पलटणीत तर हा कागद फारच कठोर होता. कमांडिंग अधिकाऱ्याच्या परवानगीने लग्न केलेल्या ठरावीक सैनिकांच्याच बायका पलटणीच्या पटावर धरल्या जात. त्यांना जागा आणि शिधा मिळे. परवानगीशिवाय लग्न केलेल्याची बायको सरकारच्या लेखी नव्हतीच. अधिकारीवर्गाच्या मडमांसाठी निदान पुस्तकं होती. हिंदुस्थानात घर कसं चालवावं, नोकरांना काय सांगावं याचं फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं जाडजूड मार्गदर्शक १८८८ साली निघालं आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. देशी शिपायाच्या बायकोसाठी कोणी ओळ लिहिली नाही. तिचं शिक्षण झालं ते लाइनीत, म्हणजे पलटणीला लागून असलेल्या वस्तीत, आणि तिथेही जागा असेल तर.

भीमाबाई सकपाळ यांचं आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगं आहे. बाबासाहेब आंबेडकरांची आई म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या दुहेरी अर्थाने पलटणीच्या होत्या: वडील सुभेदार आणि नवराही पुढे सुभेदार. म्हणजे सवय, संस्कार, मनाची तयारी, जे काही स्वभावाच्या खात्यात मांडायचं ते सगळं त्यांच्याकडे माहेरापासून होतं. तरीही पती रामजी सकपाळांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, हाती पुरेसा पैसा येत नव्हता तेव्हा, भीमाबाईंना मुंबईत सांताक्रूझला रस्त्यावर खडी पसरण्याची मजुरी करावी लागली, असं चरित्रकार सांगतात. पुढे रामजी लष्करी शाळेत शिक्षक झाले, महूला बिऱ्हाड लागलं आणि त्याच घराचा नूर पालटला. लष्करातल्या देशी शिपायांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शिक्षण सक्तीचं होतं, ही गोष्ट खुद्द बाबासाहेबांनी महत्त्वाची मानली आहे. बाई तीच, सोशिकपणा तोच. बदलली ती पगाराची आणि जागेची व्यवस्था. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीला आलं, जिथे बॉम्बे आर्मीच्या पेन्शनरांची मोठी वस्ती होती, आणि तिथून साताऱ्याला. पेन्शनरांनी एकत्र राहण्याचं कारण निव्वळ ओढ नव्हे. अर्ज कसा करायचा, कोणत्या साहेबाला भेटायचं, शाळेत मुलाचं नाव कसं घालायचं, हे जाणणारे लोक तिथे शेजारी होते. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली तेव्हा पगाराबरोबर हा सगळा शेजारही वाळत गेला.

मागे गावात राहिलेल्या बायकोच्या बाबतीत सर्वांत मोठा बदल घडवला तो पोस्टाने. १८८० मध्ये टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली. त्याआधी शिपायाचा पैसा सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याच्या कनवटीला बांधून किंवा सावकाराच्या हुंडीने यायचा, आणि दोन्हींत गळती होती. मनीऑर्डरीने पैसा नावावर आणला, दारात आणला आणि खालच्या चिटोऱ्यावर दोन ओळींची खुशालीही आणली. फक्त ते नाव बहुधा वडिलांचं किंवा थोरल्या भावाचं असे. एकत्र घराच्या रीतीत ते बरोबरच होतं. पण मुलाच्या औषधासाठी नवऱ्याच्याच पगारातले दोन रुपये सासऱ्याकडे मागायचे, ही स्थिती त्यातूनच आली. पैसा नियमित झाला आणि बायको मात्र त्या पैशाच्या वाटेवर कुठेच नव्हती.

पहिल्या महायुद्धात या व्यवस्थेची परीक्षा झाली. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि शेवटी शरण गेली. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी त्यात होत्या. सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली आणि कित्येक वाळवंटातल्या वाटचालीत आणि मजुरीच्या छावण्यांत मेली. साताऱ्याच्या किंवा कोकणातल्या घरी याचा अर्थ काय झाला असेल? माणूस मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचं पत्र नाही. एखाद्याची सात वर्षं खबर नसेल तर तो हयात नाही असं धरता येतं, ही तरतूद १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होती. पण पेरणीला सात वर्षं थांबता येत नाही. पार्वतीबाईंच्या वाट्याला आलेली कोंडी दीडशे वर्षांनी कुणब्यांच्या घरांत शिरली आणि या वेळी पाठीशी पेशवाई नव्हती.

सरकारने हातपाय हलवले ते भरतीच्या गरजेपोटी. नवरा आघाडीवर असताना भाऊबंद बांध सरकवतात, सावकार एकतर्फी हुकूमनामा मिळवतो, अशा बातम्या पलटणीत पोचल्या तर नवे गडी भरती व्हायचे कसे? त्यातून सैनिकांच्या दाव्यांसंबंधीचा कायदा आधी १९१८ मध्ये आणि सुधारून १९२५ मध्ये झाला. सैनिक विशेष परिस्थितीत सेवेवर असेल तर त्याच्या गैरहजेरीत दावा चालवण्यावर त्याने बंधन घातलं. जिल्हाधिकाऱ्याने कळवलं की न्यायालयाने काम थांबवायचं. फौजीच्या घराविषयी लिहिणारे या कायद्याचा उल्लेख क्वचितच करतात. माझ्या मते फौजीच्या बायकोला त्या काळात मिळालेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट होती, कारण तिला एकटीला खरोखर न झेपणारी अडचण त्याने हाताळली. दुःख तिला झेपत होतं. तालुक्याच्या कोर्टात वकील देणं झेपत नव्हतं. त्याच सुमारास उभी राहिलेली सैनिक मंडळं आज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या रूपात दिसतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नवरा परगावी असणं ही काही फौजीच्याच बायकोची मिरास नव्हती. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी बायकांचे नवरे मुंबईच्या गिरण्यांत होते, मनीऑर्डर त्यांच्याकडेही यायची आणि एकत्र कुटुंब दोघींनाही सांभाळायचं. मग वेगळं काय? वेगळं हे की गिरणीकामगार गणपतीला, शिमग्याला येऊ शकत होता, फारच अडलं तर नोकरी सोडू शकत होता, आणि त्याच्याच चाळीतले गाववाले त्याची खबर घेऊन येत. शिपायाला आपल्या मर्जीने परतता येत नाही आणि तो कुठे आहे हेही पुष्कळदा सांगता येत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रांवरचा ‘५६ एपीओ’ हा पत्ता मुद्दामच जागा न सांगणारा आहे. राहिलं एकत्र कुटुंब. ते आधार होतं हे खरंच. पण ज्या घरात तिला आधार होता त्याच घरात पगार आणि पुढे पेन्शन यांचे दुसरे दावेदारही होते, आणि माणूस पडल्यावर हे दोन्ही संबंध एकाच चुलीभोवती समोरासमोर येत.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे: कागदांना एवढं महत्त्व दिलं की या बायकांचं धैर्य कमी लेखल्यासारखं होतं. मला उलट वाटतं. धैर्याची स्तुती करून मोकळं होणं सोपं असतं आणि त्यात खर्चही नसतो. स्वातंत्र्यानंतर पीस पोस्टिंगला, म्हणजे शांत ठाण्यावरच्या नेमणुकीत, फॅमिली क्वार्टर मिळू लागलं, तेही पाळीने आणि मर्यादित काळापुरतं. फील्डवर बदली झाली की बायको-मुलं पुन्हा गावी किंवा शाळेसाठी तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत. १९६६ मध्ये सैनिकपत्नींसाठी ‘आवा’ ही संस्था स्थापन झाली. या सगळ्याचा लाभ ज्या कागदातून सुरू होतो तो मात्र अगदी रुक्ष असतो. लग्नाची आणि अपत्यजन्माची नोंद युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये झालेली असणं आणि तीच नावं, त्याच स्पेलिंगने, रेकॉर्ड ऑफिसात असणं. मराठ्यांसाठी ते ऑफिस बेळगावला. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलण्याची चाल होती. माहेरची सुमन सासरी लक्ष्मी झाली, रेशनकार्डावर एक आणि शीट रोलवर, म्हणजे सैनिकाच्या सेवापटावर, दुसरं नाव गेलं, तर पंचवीस वर्षांनी पेन्शनच्या वेळी प्रतिज्ञापत्रांच्या मागे तालुका-जिल्हा खेटे घालावे लागणारच. नव्या नवरीला मन घट्ट करायला सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पहिल्या सुट्टीतच ही नावं जुळवून घ्यायला सांगितलं तर ते अधिक कामी येईल.

आणि काही बाबतींत तर राज्यसंस्थेनेच तिचं जुळवून घेणं कोणत्या दिशेने व्हावं हे ठरवून टाकलं होतं. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता सैनिकामागे विधवेला मिळे, पण तिने पुनर्विवाह केला की बंद होई. १९९५ मध्ये सूट मिळाली ती दिराशी लग्न करून सासरच्याच कुटुंबात राहणारीला. वरवर ही सवलत. प्रत्यक्षात पैसा घराबाहेर जाऊ नये ही गावकीची चिंता सरकारी भाषेत उतरली होती. बाहेर लग्न करणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीने पतीच्या पदकावरचा हक्क सोडायचा, दिराला वरलं तर ठेवायचा. ही अट सरळ नियम म्हणून छापलेली होती, म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज करता आला. सासरच्या बैठकीत हेच तोंडी सांगितलं गेलं असतं तर बोट कशावर ठेवणार? संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ती अट काढून टाकली. पुनर्विवाह कोणाशीही झाला तरी आता भत्ता चालू राहतो.