जमल्यास उतार

जानेवारी २००१मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. आधी मुंबईत टीआयएफआरची परिषद, मग दिल्ली. तिथे त्यांना कुतुबमिनार बघायचा होता, आणि व्हीलचेअर जाईल अशी वाटच नव्हती! जावेद आबिदींसारख्या कार्यकर्त्यांनी पिच्छा पुरवला, मग पुरातत्त्व खात्याने लाकडी उतार टाकून दिले. तात्पुरते, बरं का.

आता गंमत बघा. फुटपाथला व्हीलचेअरसाठी उतार करा, हे १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात, कलम ४५मध्ये, लिहिलेलंच होतं. पण मध्येच पाचर मारलेली: आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर 'मस्ट'च्या जागी 'जमल्यास'. असलं काम कुठल्या रिलीजमध्ये जातं, ठाऊक आहेच तुम्हाला. हॉकिंगसाठी मात्र कुवत निघाली.

२०१६ साली नवा कायदा आला, २०१७ला त्याचे नियम. त्यातला पंधरावा नियम सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ला कायद्याशी विसंगत ठरवला, कारण मानकं पुन्हा नुसत्या शिफारशीच! राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी ही याचिका २००५ साली केली होती. सक्तीचे नियम करायला कोर्टाने सरकारला तीन महिने दिले.