डॉकस्ट्रिंगची कुळकथा

पायथनमध्ये फंक्शन लिहिताना त्याच्या पोटात, अगदी सुरुवातीला, अवतरणचिन्हांत एक वाक्य लिहायची रीत आहे: हे फंक्शन काय करतं. तीच डॉकस्ट्रिंग. ती लिहिली काय, न लिहिली काय, उत्तर तेच येतं. म्हणून कामाची घाई झाली की पहिली कात्री तिलाच लागायची. एआय एजंटने वापरायची साधनं, म्हणजे टूल, बांधायच्या एसडीकेमध्ये (तयार कोडच्या संचामध्ये) मात्र आज मोठा भार तिच्यावरच आहे.

तिचं घराणं जुनं. १९७०च्या दशकात एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईमॅक्स हा एडिटर घडवला. कुठलीही कमांड काय करते हे एडिटरलाच विचारता यावं, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी वर्णन चालत्या प्रोग्रामच्या हाताशी असावं लागे. लिस्पच्या जगात रुळलेली ही सवय पायथननेही घेतली. कॉमेंट वाचतानाच गाळली जाते, डॉकस्ट्रिंग फंक्शनला चिकटून राहते. २००१ मध्ये डेव्हिड गुडगर आणि गिडो व्हॅन रॉसम यांनी पेप २५७ या पायथनच्या दस्तऐवजात तिचे संकेत नोंदवले. २०१५ च्या पायथन ३.५ ने टाइप हिंट्सची रीतसर घडी बसवली: इथे आकडा हवा, तिथे मजकूर. चालताना पायथन त्यांचीही सक्ती करत नाही.

या एसडीकेचं दुसरं घराणं मायक्रोसॉफ्टकडचं. प्रत्येक एडिटरला प्रत्येक प्रोग्रामिंग भाषा कळावी म्हणून दहा एडिटर आणि वीस भाषांसाठी दोनशे जोड लिहावे लागत. २०१६ च्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने दोघांमध्ये एकच सामायिक बोली ठेवून ते काम तिसांवर आणलं. एआय मॉडेल आणि बाहेरची साधनं यांच्यातही हाच गुंता होता. अँथ्रॉपिकमधल्या डेव्हिड सोरिया पारा आणि जस्टिन स्पार-समर्स यांनी तोच धडा गिरवून मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल आखला. २५ नोव्हेंबर २०२४ ला तो खुला झाला, सोबत पायथन आणि टाइपस्क्रिप्टचे एसडीके आले.

दोन्ही घराणी जुळली ती पायथनच्या एसडीकेत. जेरेमाया लोविन यांच्या फास्टएमसीपीने सुचवलेली सोपी पद्धत त्यात सामावून घेतली गेली. साध्या फंक्शनवर टूलचा डेकोरेटर, म्हणजे वरच्या ओळीतली एक खूण, लावायचा, बस. एसडीके टाइप हिंट्समधून इनपुटचा स्कीमा, म्हणजे काय काय द्यायचं याचा आराखडा, बनवतो आणि डॉकस्ट्रिंग टूलचं वर्णन म्हणून मॉडेलपुढे ठेवतो. मॉडेलला आतला कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि स्कीमा वाचून ते ठरवतं, हे टूल वापरायचं की नाही. वर्णन मोघम असेल तर उत्तम कोडही पडून राहतो. माणसाने माणसासाठी नीट लिहिलेल्या वाक्याला इतका मान मिळावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या मानाबरोबर जोखीमही आली. २०२५ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिलं, की वर्णनातच छुपी सूचना पेरली तर मॉडेल ती पाळू शकतं, आणि वापरणाऱ्याला पडद्यावर पूर्ण वर्णन दिसतंच असं नाही. परक्या सर्व्हरचं टूल जोडताना त्याचं वर्णनही कोडइतक्याच बारकाईने तपासावं लागतं, ते यामुळेच.