बाटली नको, शेंग आणा



माझी भाची मेक्सिकोहून नागपूरला आली ती माझ्यासाठी व्हॅनिलाच्या अर्काची बाटली घेऊन. लेबल वाचले तर ३५ टक्के अल्कोहोल! शेंगा त्यातच मुरवून हा अर्क काढतात. मद्यत्याग तर आपल्या मूलगुणांतला. मी बाटली बाजूला ठेवली, तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "मावशी, दोन शेंगाही आणल्यात."

व्हॅनिला म्हणजे ऑर्किडच्या वेलीची शेंग, कंदमूळ नव्हे. मेक्सिकोत पापान्त्लाकडचे तोतोनाक लोक ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले. युरोपीय लोकांनी वेल दूरदेशी नेली. तिथे फुले यायची, पण शेंग धरेना. १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग लावण्याची सोपी रीत काढली. आजही मळ्यांमध्ये हीच रीत चालते. १८४८ मध्ये गुलामी संपल्यावर त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले, पैसा नाही. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला.

हे वाचल्यापासून एक दाणाही वाया घालवायला मन होत नाही. शेंग उभी चिरून दाणे खरवडले, शेंगेसकट दुधात उकळले आणि सूर्यास्ताआधी सगळ्यांना खीर वाढली. उरलेले साल धुऊन, वाळवून साखरेच्या डब्यात ठेवले; साखरेलाही वास लागतो.

तुमच्याकडचे कुणी मेक्सिकोला निघाले, तर शेंगाच आणायला सांगा.