एकाच गाडीच्या डिकीचे अनेक तळ

पिंपरी : नवी मोटार पाहायला गेलेले कुटुंब दालनात शिरताच आधी रंग पाहते, मग आसने, मग समोरचा पडदा. डिकी उघडली जाते ती सर्वांत शेवटी आणि तीही क्षणभरच. आत स्वच्छ काळा गालिचा दिसतो आणि झाकण पुन्हा लागते. त्या गालिच्याखाली काय आहे हे कळण्याचा प्रसंग सहसा फार उशिरा येतो. दिवाळीला गावी निघताना बॅगा मावत नाहीत तेव्हा, किंवा पुणे-नाशिक महामार्गावर रात्री चाक बसते तेव्हा.

एकाच नावाच्या हॅचबॅक मोटारीच्या सर्व श्रेणी बाहेरून जवळपास सारख्या दिसतात. मात्र त्यांच्या डिकीचा तळ सारखा असेलच असे नाही. एखाद्या श्रेणीत तळाखाली सुटे चाक असते, दुसरीत गॅसच्या टाक्या असतात, तिसरीत फक्त पंक्चर काढण्याचा संच असतो. तळाची उंची, खोली, मजबुती आणि सामानाला उरणारी जागा या गोष्टींवर ठरते. किमतीच्या तक्त्यात हा फरक ठळकपणे दिसत नाही. पुढची दहा वर्षे गाडी कशी वापरता येईल, हे मात्र बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असते.

उद्योगनगरीतील हॅचबॅक

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याचे हॅचबॅकशी जुने नाते आहे. टाटा मोटर्सची 'इंडिका' डिसेंबर १९९८ मध्ये बाजारात आली, ती येथील कारखान्यातून. चाकण येथे फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले. तेथे प्रथम स्कोडाची 'फाबिया' आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून 'पोलो' तयार होऊ लागली. 'पोलो'चे येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. टाटांची 'अल्ट्रोझ' जानेवारी २०२० मध्ये दाखल झाली. तिची बांधणीही पुण्याच्याच प्रकल्पात होते.

या गाड्यांचा आकार एका कायदेशीर मर्यादेने आखून दिला आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के करण्यात आले. त्यासाठी लांबी चार मीटरपेक्षा अधिक नसावी आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घन सेंटिमीटरच्या मर्यादेत असावे, अशी अट होती. पुढे वस्तू व सेवा कराच्या रचनेतही हीच विभागणी टिकली. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींचा कर १८ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हाही चार मीटरची रेषा कायम राहिली. 'अल्ट्रोझ'ची लांबी ३९९० मिलिमीटर आहे, म्हणजे या रेषेपासून अवघी एक सेंटिमीटर अलीकडे. एवढ्या लांबीत इंजिन, पाच माणसे आणि सामान बसवायचे असते. लांबी वाढवता येत नाही, म्हणून अभियंत्यांच्या हाती उरते ती उंची आणि खोली. डिकीच्या तळाला महत्त्व येते ते यामुळेच.

लिटरचे गणित

डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगितली जाते. ती मोजण्यासाठी पाणी ओतले जात नाही. जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या 'व्हीडीए' पद्धतीत २० बाय १० बाय ५ सेंटिमीटर आकाराचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचले जातात. जितके ठोकळे मावतील तितके लिटर. त्यामुळे ज्या अरुंद कोपऱ्यात ठोकळा बसत नाही, तो कोपरा हिशेबात येत नाही.

मात्र ठोकळे कुठपर्यंत रचले, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. मागील आसनांच्या पाठीमागे असलेल्या आडव्या झाकणापर्यंत मोजले की छतापर्यंत, तळावरची फळी जागेवर ठेवून मोजले की ती काढून, यावर आकडा बदलतो. तळाखालचा कप्पा धरला तर आकडा मोठा दिसतो. पण त्या कप्प्यात सूटकेस जात नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या माहितीपत्रकांतील आकड्यांची तुलना जपूनच करावी लागते. एकाच गाडीच्या दोन श्रेणींची तुलना अधिक विश्वासार्ह ठरते, कारण मोजण्याची पद्धत सहसा एकच असते.

सुट्या चाकाचा खड्डा

पारंपरिक हॅचबॅकमध्ये डिकीच्या तळाला पोलादी पत्र्यात दाबून केलेला गोल खड्डा असतो. त्यात स्टेपनी आडवी बसते. चाकाच्या मधल्या पोकळीत फोमच्या साच्यात जॅक, पाना आणि गाडी ओढण्याचा आकडा असतो. त्यावर दाबीव पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची फळी आणि फळीवर गालिचा. ही फळी स्वतः फार वजन पेलत नाही. खालच्या चाकाचा तिला आधार असतो. चाक काढून घेतले आणि फळीवर जड पोते ठेवले तर ती मध्ये वाकते, याचा अनुभव अनेकांना असतो.

श्रेणीनुसार पहिला फरक येथेच पडतो. खालच्या श्रेणीत पाचही चाके पोलादी आणि एकाच मापाची असू शकतात. वरच्या श्रेणीत चार चाके मोठ्या मापाची, अलॉयची असतात. सुटे चाक मात्र अनेकदा लहान मापाचे आणि पोलादी असते. असे चाक तात्पुरत्या वापरासाठी असते आणि त्यावर वेगमर्यादेची सूचना चिकटवलेली असते. अधिक पैसे मोजलेल्या ग्राहकाला सुटे चाक दुय्यम मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरा फरक नियमातून आला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये अधिसूचना काढून काही अटींवर सुट्या चाकाची सक्ती शिथिल केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचा संच आणि टायरमधील हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. यामुळे तळाखालचा खड्डा बॅटरी किंवा गॅसच्या टाक्यांसाठी मोकळा झाला. मात्र दुरुस्तीचा संच खिळ्याच्या छिद्रावर उपयोगी पडतो. टायरच्या बाजूला चीर गेली तर तो निरुपयोगी ठरतो. अवजड वाहनांनी उखडलेल्या तळेगाव-चाकण रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्याने हा फरक लक्षात घ्यायला हवा.

एक टाकी की दोन?

तळातील सर्वांत मोठा फरक घडवला तो सीएनजीने. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडचे पंप वाढत गेले, तसा हा पर्याय रोजच्या प्रवासाला परवडू लागला. चिंचवडहून चाकणला कारखान्यात जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने इंधनाचा खर्च हाच मुख्य मुद्दा असतो. पण या बचतीची किंमत वर्षानुवर्षे डिकीने चुकवली.

सीएनजी साधारण २०० बार दाबाखाली साठवला जातो. एवढा दाब पेलण्यासाठी टाकी जाड पोलादाची आणि गोलाकार नळकांड्यासारखी लागते. पेट्रोलच्या टाकीसारखा तिला हवा तो आकार देता येत नाही. साठ लिटर क्षमतेच्या टाकीत जेमतेम नऊ ते दहा किलो गॅस मावतो आणि रिकाम्या टाकीचे वजन त्याच्या कितीतरी पट असते. अशी एक मोठी टाकी डिकीत आडवी बसवली की सूटकेसची जागा संपते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या टाटा 'टियागो'च्या सीएनजी श्रेणीत आणि त्याच वर्षी आलेल्या मारुती 'बलेनो'च्या सीएनजी श्रेणीत हीच एका टाकीची रचना होती.

मे २०२३ मध्ये 'अल्ट्रोझ'ची सीएनजी श्रेणी बाजारात आली, तेव्हा हे गणित बदलले. साठ लिटरच्या एका टाकीऐवजी तीस लिटरच्या दोन टाक्या शेजारी-शेजारी, डिकीच्या तळाखाली बसवण्यात आल्या. त्यामागची भूमिती सोपी आहे. लांबी तीच ठेवून क्षमता निम्मी केली, तर टाकीचा व्यास निम्मा होत नाही, सुमारे ७१ टक्के राहतो. उदाहरणादाखल, मोठ्या टाकीचा व्यास ४० सेंटिमीटर धरला तर लहान टाकीचा सुमारे २८ सेंटिमीटर येतो. म्हणजे तेवढाच गॅस साठवूनही उंची जवळपास तीस टक्के घटते आणि वर सपाट तळ टाकता येतो.

तरीही जागा फुकट मिळत नाही. पेट्रोलच्या 'अल्ट्रोझ'ची डिकी ३४५ लिटरची आहे, तर सीएनजी श्रेणीची २१० लिटरची. टाक्यांची क्षमता ६० लिटर असताना जागा मात्र १३५ लिटरने कमी झाली. टाक्यांच्या पोलादाची जाडी, गोल आकारामुळे वाया जाणारे कोपरे, पट्टे, व्हॉल्व्ह आणि नळ्या यांनी उरलेली जागा व्यापली. सुट्या चाकाला आत थारा उरला नाही. ते गाडीच्या पोटाखाली बाहेरच्या बाजूस गेले. मागील सांगाडा अधिक मजबूत केला असून टाक्या सहा ठिकाणी जखडल्या आहेत, असे कंपनीने सांगितले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये 'टियागो'लाही दोन टाक्यांची रचना मिळाली.

बाहेर गेलेल्या चाकाचे फायदे-तोटे दोन्ही आहेत. ते काढण्यासाठी सामान उपसावे लागत नाही, असे वाटते. पण अनेक गाड्यांत ते खाली सोडण्याचा बोल्ट डिकीच्या आतच असतो. शिवाय पावसाळ्यात ते चिखल खाते आणि न वापरलेला बोल्ट गंजून बसतो. वर्षातून दोनदा तरी ते उतरवून पाहणे हिताचे.

वरची श्रेणी, खालची श्रेणी

तळाचे इतर फरक लहान असले तरी रोज जाणवतात. आडवे झाकण, डिकीतील दिवा, पिशवी अडकवण्याचे आकडे, सामान बांधण्याच्या कड्या या गोष्टी काही गाड्यांच्या सर्वांत खालच्या श्रेणीतून वगळलेल्या असतात. मागील आसनाची पाठ खालच्या श्रेणीत अखंड आणि वरच्या श्रेणीत ६०:४० अशी विभागलेली असू शकते. अखंड पाठ पाडली की मागे कोणालाच बसता येत नाही. विभागलेली असेल तर लांब वस्तू आणि एक-दोन प्रवासी एकत्र जाऊ शकतात.

तळ उंच असण्याचे फायदेही आहेत. तो डिकीच्या उंबरठ्याच्या पातळीत आला तर जड पोते आत सरकवता येते. खोल असेल तर ते आधी उचलून मग खाली सोडावे लागते. युरोपातील काही हॅचबॅकमध्ये म्हणूनच फळी दोन उंचीवर बसवण्याची सोय असते. तेथेही श्रेणीनुसार जागा बदलते. 'पोलो'च्या सहाव्या पिढीची डिकी युरोपात ३५१ लिटरची होती. तिच्याच 'जीटीआय' या वेगवान श्रेणीत ती ३०५ लिटरवर आली, कारण मोठ्या इंजिनामुळे बॅटरी मागे डिकीत न्यावी लागली. चाकणला तयार झालेली 'पोलो' त्याआधीच्या पिढीची होती; तिची डिकी २८० लिटरची.

पैसे भरण्यापूर्वी

दालनात उभी असलेली गाडी बहुतेकदा सर्वांत वरच्या श्रेणीची असते. आपण घेणार असलेल्या श्रेणीची आणि इंधनाची गाडी दाखवावी, असा आग्रह धरायला हरकत नाही. गालिचा आणि फळी स्वतः उचलावी. सुटे चाक आहे का, कोणत्या मापाचे आहे, जॅक आणि पाना कुठे आहे हे पाहावे. घरातील नेहमीची मोठी बॅग सोबत नेऊन डिकीत ठेवून झाकण लावून पाहणे हे कोणत्याही आकड्यापेक्षा खात्रीचे. टेपने चाकांच्या कमानींमधील रुंदी आणि तळापासून आडव्या झाकणापर्यंतची उंची मोजावी.

सीएनजी गाडी असल्यास टाकीवरील पट्टीवर चाचणीची तारीख पाहावी. या टाक्यांची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते आणि त्यासाठी तळ उघडून टाक्या बाहेर काढाव्या लागतात. तळाच्या फळीला स्क्रू मारणे किंवा स्पीकरसाठी भोक पाडणे टाळावे. खाली गॅसच्या नळ्या असतात. बाहेरून किट बसवून घेतल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. टाक्यांच्या वजनामुळे गाडी मुळातच जड झालेली असते, म्हणून पाच माणसे बसवून उरलेल्या जागेत किती वजन भरायचे याचा विचार पुस्तिकेतील एकूण अनुज्ञेय वजन पाहूनच करावा.

रोज एकट्याने कारखान्यात जाणाऱ्याला २१० लिटरची डिकी पुरेशी आहे आणि इंधनातील बचत त्याला अधिक मोलाची वाटेल. चौघांना घेऊन वर्षातून चार वेळा कोकणात किंवा विदर्भात जाणाऱ्याला ते १३५ लिटर प्रत्येक वेळी आठवतील. दोन्ही निवडी योग्य असू शकतात. फक्त ती निवड दालनात फळी उचलून व्हावी, रस्त्याच्या कडेला नव्हे.