वारीचे पहाटप्रस्थान आणि घड्याळातील सूर्योदय : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पंढरपूरच्या आषाढी, कार्तिकी, माघी व चैत्री या चार वाऱ्यांपैकी आषाढीचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने माघ वारीही महत्त्वाची आहे. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाची चक्रीभजनाची परंपरा याच वारीशी निगडित आहे. माघात घड्याळाप्रमाणे सूर्य उशिरा उगवतो आणि दिंड्या मात्र अंधारातच मार्गस्थ होतात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कालमापनाच्या इतिहासाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घटिका आणि तास

पारंपरिक पंचांगात दिवस सूर्योदयापासून सुरू होतो. २४ मिनिटांची एक घटिका, दोन घटिकांचा एक मुहूर्त आणि साठ घटिकांचे अहोरात्र अशी ही गणना आहे. सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंतचा काळ हा ब्राह्ममुहूर्त होय. काकडा, स्नान आणि प्रस्थान हा दिनक्रम या काळाभोवती गुंफलेला आहे. दुपारच्या विसाव्यापूर्वी बरीच वाट सरावी आणि सायंकाळी हरिपाठ व कीर्तनास अवसर मिळावा, हा त्यामागील व्यावहारिक विचार होय. या गणनेत सूर्योदय हाच आरंभबिंदू असल्यामुळे तो कधीही ‘उशिरा’ होऊ शकत नाही.

सूर्योदय उशिरा होतो तो प्रमाणवेळेच्या घड्याळात. ही वेळ १९०६ मध्ये ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या आधारे अमलात आली. एका रेखांशास चार मिनिटे या हिशेबाने स्थानिक वेळ नांदेड येथे सुमारे २१, लातूर येथे २४ आणि पंढरपूर येथे २९ मिनिटे मागे पडते. नांदेडहून निघालेला वारकरी पश्चिमेकडे सरकत असल्यामुळे या वाटेवर त्याचा सूर्योदय आणखी आठ मिनिटांनी लांबतो. शिवाय पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे व आसाच्या कलामुळे जानेवारीअखेर प्रत्यक्ष सूर्य मध्यम सूर्याच्या सुमारे १३ मिनिटे मागे असतो. परिणामी लातूर येथे आषाढात ५ वाजून ५५ मिनिटांच्या आसपास होणारा सूर्योदय माघात सातच्या सुमारास होतो. ब्राह्ममुहूर्ताचा आरंभही त्यानुसार पहाटे सव्वाचारवरून साडेपाचच्या जवळ सरकतो.

वेळेचे राजकारण आणि रेल्वे

प्रमाणवेळ सर्वत्र एकाच वेळी रुजली नाही. मुंबई शहरात तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत व्यवहारात होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, ब्रिटिश हिंदुस्थानातील घड्याळे एक तास पुढे करण्यात आली. पंढरपूर ब्रिटिश मुलखात होते. तेव्हा त्या घड्याळानुसार तेथील माघातील सूर्योदय आठच्या सुमारास पडला असणार. सूर्य तोच होता, शासनाचा अंक तेवढा बदलला. म्हणून एखाद्या जुन्या आठवणीत वा दप्तरात ‘पहाटे पाच’ असा उल्लेख आढळल्यास ती वेळ कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.

बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या लातूरहून कुर्डुवाडीमार्गे पंढरीस गाडीने जाणे शक्य झाले. तरीही पायी वारी खंडित झाली नाही. गाडीने प्रवासी वेळापत्रकाच्या घड्याळाशी जोडला गेला, तर दिंडी सूर्याच्या घड्याळाशी बांधलेली राहिली. एकाच भूप्रदेशात दोन कालगणना शेजारी नांदल्या.

रस्ता बदलला

ही द्विविधता आज निव्वळ अभ्यासाचा विषय राहिलेली नाही. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा व तुळजापूर या गावांना जोडणारा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे. बैलगाडीच्या वाटेवर पहाटेचा अंधार निर्धास्त होता. वेगवान वाहनांच्या रस्त्यावर तो जिवावर बेतू शकतो. या अक्षांशावर पुरेसे फटफटण्यास सूर्योदयापूर्वीची सुमारे २२ मिनिटेच मिळतात. ‘सकाळी सहानंतर चालावे’ असा सरसकट नियम केल्यास आषाढात तो उजेडाचा ठरेल. माघात मात्र सहा वाजता दिवस उगवण्यास जवळपास एक तास बाकी असतो. बंदोबस्त, वाहतूक-नियंत्रण व मुक्कामाचे नियोजन घड्याळावर चालते. ज्यासाठी ते करायचे, ती वारी सूर्यावर चालते.

समारोप

पहाटप्रस्थान ही केवळ श्रद्धेची रूढी नसून स्थानिक सूर्याशी जुळवलेली श्रमाची व्यवस्था आहे, असे यावरून दिसते. प्रमाणवेळेने देश एका अंकावर आणला, परंतु उजेड एका अंकावर आणणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून वारीमार्गावरील सुरक्षिततेचे नियम ठरावीक तासाऐवजी त्या तिथीच्या व त्या गावाच्या सूर्योदयावर आधारलेले असणे हिताचे ठरेल. त्यासाठी नवे साधन लागत नाही. प्रत्येक दिंडीत असणारे पंचांग तेवढे उघडावे लागते.